सात नंबरची बोअर आणि कोंबडीचा पाय

सात नंबरची बोअर पहिल्यांदा सुटली तेव्हा तिच्या आवाजाने गावातल्या कोंबड्यांनी तीन दिवस अंडी दिली नाहीत, आणि चौथ्या दिवशी दिली ती थेट उकडलेली दिली. हे तात्या सांगत, आणि ज्या गावाखाली जमीन चोवीस तास उकळत असते, त्या गावात असल्या गोष्टीला कोणी चटकन खोटं म्हणत नाही. तात्या तिथल्या वीजकेंद्रात एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. जमिनीतली वाफ बोअरमधून वर येते, पाइपातून धावते, यंत्र फिरवते आणि गावात दिवे लागतात. त्या वाफेला ‘ये’ म्हणायचं की ‘थांब’, हे तात्यांच्या हातातलं लोखंडी चाक ठरवी. असा माणूस थापा मारणार नाही तर काय करील? दिवसभर वाफ दाबून धरली, की संध्याकाळी ती कुठून तरी निघणारच.

या थापांवर देखरेख ठेवायला घरात अलीकडे एक अधिकारी आली होती. ती म्हणजे नात. वय वर्षं नऊ, पुढचे दोन दात पडलेले, आणि वाद घालायला बसली की समोरच्याचेही पडतील अशी जीभ. तिला सगळे वकीलबाई म्हणत. तिच्याकडे एक वही होती आणि वहीत दोन रकाने: ‘पुरावा आहे’ आणि ‘पुरावा नाही’. उकडलेली अंडी दुसऱ्या रकान्यात गेली होती. पहिला रकाना कोरा करकरीत होता.

पण तात्यांच्या पोटात एक गोष्ट अशी होती, जी त्यांनी छत्तीस वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती. गंमत अशी की तेवढी एकच खरी होती.

त्याचं असं झालं. छत्तीस वर्षांपूर्वी तात्यांचं बिऱ्हाड केंद्राच्या वसाहतीत होतं. एका अंगणाभोवती आठ घरं, आठ घरांत एक नळ, आणि नळाखाली आठही घरांची भांडी. सरमिसळ व्हायची, म्हणून प्रत्येक घराने आपली खूण ठरवलेली. कुणी काठावर टिंबं ठोकी, कुणी फुली मारी. तात्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, खिळ्याने कोंबडीचा पाय काढला होता: तीन बोटं पुढे, एक मागे. हा पाय त्यांच्या माहेरून आलेल्या तांब्याच्या तपेल्यावरही होता. तपेलं एवढं मोठं, की त्यात एका वेळी दोन पोरांना आंघोळ घालावी आणि तिसऱ्याला काठावर बसवावं. शेजारच्या घरात तात्यांची धाकटी बहीण राही, जिला आज सगळं घर आत्या म्हणतं. ती तपेलं उसनं नेई आणि परत आणून माईंच्या मागच्या पायरीवर ठेवी. एके दिवशी तिने ते ठेवलं, आणि माईंना ते मिळालं नाही.

“मी ठेवलं होतं,” आत्या म्हणाली.

“मग गेलं कुठे, वन्सं? त्याला पाय फुटले?”

“पाय तूच काढून ठेवला होतास, वहिनी. तुझ्या कोंबडीलाच विचार.”

झालं! त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी बोलायच्या बंद. म्हणजे बोलणं बंद नव्हतं, सरळ बोलणं बंद होतं. जे काय ते तात्यांमार्फत. लग्नं, बाळंतपणं, गुडघेदुखी, सगळं तात्यांच्या तोंडून जाई आणि तात्यांच्या तोंडून येई. दोघी समोरासमोर असल्या की निरोप जसाच्या तसा द्यावा लागे. पण पुढे दोन घरांत चार गल्ल्यांचं अंतर पडलं, आणि त्या चार गल्ल्यांत निरोपाचं काय काय होई, हे तात्यांनाच ठाऊक.

आणि तपेलं? ते पहाटे पायरीवरून तात्यांनीच उचलून कामावर नेलं होतं. परत का आलं नाही, ते पुढे येईलच. वाफ आणि गोष्ट, दोन्ही हळूहळू सोडाव्यात. तात्यांनी त्याच दिवशी सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. पण पहिल्या दिवशी धीर झाला नाही, दुसऱ्या दिवशी दोघींचा आवाज चढला, आणि महिन्याभराने तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. आता सांगायचं म्हणजे एका तपेल्याबरोबर छत्तीस वर्षांच्या अबोल्याचा जाब द्यायचा. तात्यांना ते जमणारं नव्हतं. त्यांनी ठरवलं होतं, की ही एक गोष्ट आपल्याबरोबरच जाईल.

आणि मग पत्र आलं. गावाच्या संग्रहालयात ‘वाफेचं दालन’ उघडलं होतं, शेजारीच भूऔष्णिक उद्यान होतं, ज्याला सगळे वाफेची बाग म्हणतात. केंद्राच्या जुन्या कामगारांनी सहकुटुंब यावं, असं आमंत्रण होतं. तात्यांची छाती फुगली. मुलाने गाडी काढली, शेजारी वकीलबाई बसली, आणि मागे माई, आत्या आणि मधे तात्या.

“अहो,” माई म्हणाल्या, “वन्संना म्हणावं, काच वर करा. माझ्या कानात वारा जातोय.”

आत्या खिडकीबाहेर बघत बसली. निरोप पोचेपर्यंत ऐकू आलं नाही असं धरायचं, हा नियम होता.

“काच वर कर म्हणते,” तात्या म्हणाले.

“दादा, वहिनीला सांग, जाऊ दे वारा. मधे अडवायला काही असेल तर अडेल.”

“तात्या, हा निरोप नका देऊ,” मुलगा पुढून म्हणाला. “मला गाडी चालवायचीय.”

“पण त्या दोघींना ऐकू येतंय की!” वकीलबाई मागे वळली. “मग आजोबा कशाला लागतात?”

तात्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. काच मात्र वर गेली.

संग्रहालयात फरशीला नवं पॉलिश होतं आणि भिंतीला जुनी ओल. दारातच संग्रहालयाचे प्रमुख भेटले. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, आणि तिसरा ते खिशात शोधत होते. पहिल्या दालनात दगड होते. दुसऱ्यात दात काढायची जुनी खुर्ची होती, तिथून वकीलबाई जरा भरभर चालली. तिसरं दालन वाफेचं. कामगारांची हेल्मेटं, जेवणाचे डबे, आणि दोरीच्या पलीकडे एक लोखंडी चाक, लाल रंगाचं, हातांनी घासून घासून कडेला पांढरं पडलेलं. वर पाटी: ‘हात लावू नये.’

“बघा!” तात्या म्हणाले. “एकतीस वर्षं ह्याला हात लावायचा पगार घेतला, आणि आता लावला तर दंड!”

वकीलबाईने चाकावरचा आकडा पाहिला. सात. तिने वही उघडली, पण तात्यांनी या चाकाने एकदा चंद्र थोडा सरकवला होता असं सांगितल्यामुळे पुन्हा मिटली.

“आता आमचं रत्न दाखवतो,” प्रमुख म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना दालनाच्या मधोमध नेलं. तिथे काचेची पेटी होती. आत निळी मखमल, वरून मंद उजेड, आणि मखमलीवर…

तात्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

‘विधीपात्र,’ असं खाली छापलं होतं. ‘तांबे. अंदाजे चारशे वर्षांपूर्वीचे. उद्यानाच्या कामात चिखलाच्या गरम तळ्यात सापडले. पात्रावरील चिन्ह जमिनीतून उसळणारी वाफ दर्शवत असावे. मधल्या रेषेचा वळसा म्हणजे वारा. असे चिन्ह जगात अन्यत्र आढळत नाही.’

“चला, चला,” तात्या घाईघाईने म्हणाले. “इथे काही नाही. पलीकडे दगड आहेत, फार सुंदर दगड आहेत, ते नीट बघायचे राहिले.”

“दगडाशीच संसार केलाय मी,” माई म्हणाल्या. “थांबा जरा.”

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. पेटीच्या पलीकडच्या बाजूने आत्या वाकली होती. दोघींची नाकं काचेला टेकली होती, मधे तपेलं.

“अहो, वन्संना म्हणावं…” माईंनी सुरुवात केली, आणि थांबल्या. मग त्यांनी मान वर केली आणि छत्तीस वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. “वन्सं, ही माझी कोंबडी आहे.”

“आणि हा पोचा माझा, वहिनी,” आत्या म्हणाली. “नळावर आपटलं होतं माझ्याकडून. तुला बोलले नव्हते.”

“मला माहीत होतं.”

“मग तू का नाही बोललीस?”

“पोचा काय, कुणाच्याही हातून पडतो.”

मुलाने वकीलबाईचा हात धरला. वकीलबाईने घड्याळात बघून वेळ लिहून घेतली.

“बाई, काहीतरी गैरसमज होतोय,” प्रमुख म्हणाले. “हे चारशे वर्षांचं आहे.”

“असं? मग मी किती वर्षांची दिसते तुम्हाला?”

प्रमुखांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि डोळ्यांवरचा कपाळावर नेला. “पण हे चिन्ह बघा! उसळणारी वाफ…”

“कोंबडीचा पाय आहे तो! तीन पुढे, एक मागे. आणि तुमचा वारा इथे उभा आहे.” माईंनी मुलाकडे बोट केलं. “सहा महिन्यांचा होता. मांडीवर घेऊन खिळा चालवत होते, ह्याने लाथ मारली, मधलं बोट वाकडं गेलं.”

मुलाने मान खाली घातली. जगात अन्यत्र न आढळणारं काहीतरी आपल्या लाथेतून झालंय, हे त्याला प्रथमच कळत होतं.

“पुरावा,” वकीलबाई म्हणाली, आणि वही पुढे केली. “आजी, काढून दाखव. बघायचं नाही हं.”

माईंनी पेटीकडे पाठ करून पाय काढला. वाकड्या बोटासकट. वकीलबाईने वही काचेला लावली. प्रमुख हळूच रखवालदाराच्या खुर्चीत बसले.

“पण मग,” माई सावकाश म्हणाल्या, “आमच्या पायरीवरचं तपेलं चिखलाच्या तळ्यात गेलं कसं?”

“मी पायरीवरच ठेवलं होतं, वहिनी.”

“ठेवलं असणारच, वन्सं. मी नाही म्हणतेय का?”

वकीलबाई आजोबांकडे वळली.

“आजोबा, तुम्ही एवढे गप्प का?”

तात्यांच्या जिभेवर तीन थापा तयार होत्या. एकीत महापूर होता, एकीत चोर आणि एकीत गरुड. गरुडाची तर फारच देखणी होती. पण पेटीच्या एका बाजूला माई, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि मधे तो वाकड्या बोटाचा पाय. तात्यांनी तिन्ही गिळल्या.

“मी नेलं होतं,” ते म्हणाले. “पहाटे. आम्ही अकरा जण अंडी उकडायचो. सात नंबरला बाजूचा एक उभा पाइप होता, त्याच्या तोंडावर भांडं ठेवायचं, चाक अगदी कणभर उघडं ठेवायचं, की दहा मिनिटांत अंडी तयार. त्या दिवशी अकरा जणांची बावीस अंडी, म्हणून मोठं तपेलं. आणि साहेब ओरडले, सात नंबर पूर्ण उघडा. मी उघडलं. तपेलं विसरलो.”

“मग?”

“मग ते गेलं. आधी वर, मग आणखी वर, मग टेकडीपलीकडे. पाणी वाटेत सांडलं. अंडी मात्र क्षणभर तिथेच राहिली, हवेत, आता काय करावं असा विचार करत. मग साहेबांच्या टोपीवर पडली.”

“उकडली होती?” वकीलबाईने विचारलं.

“अर्धवट.”

माईंनी कपाळाला हात लावला. “छत्तीस वर्षांनी माणसाने कबूल करायला तोंड उघडलं, आणि त्यातून काय निघालं? उडतं तपेलं!”

“दादा, खरं सांग रे,” आत्या म्हणाली. “कुणाला देऊन टाकलंस ना?”

“अगं, शप्पथ!”

“पुरावा नाही,” वकीलबाई म्हणाली, आणि दुसऱ्या रकान्यात लिहिलं. लिहिताना तिला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

तात्या बाहेर आले ते असे, की वाफ गेलेलं यंत्र बरं. आयुष्यभर खोटं बोललो तर लोकांनी मिटक्या मारत ऐकलं, आणि आज एकदा खरं बोललो तर कुणाच्या घशाखाली उतरेना! मुलाने घड्याळ पाहिलं. “चार वाजता बागेत काहीतरी दाखवतात म्हणे. चला, आलोच आहोत तर.”

बागेत लाकडी पायवाटा होत्या, आणि वाटांच्या दोन्ही बाजूंना जमीन धुमसत होती. चिखल बुडबुडे सोडत होता, एखाद्या लठ्ठ माणसाने पोटभर जेवून झोपावं तसा.

“कसला वास येतोय?” वकीलबाईने नाक धरलं.

“तुझ्या आजोबांच्या अंड्यांचा,” आत्या म्हणाली. माई खुदकन हसल्या. दोघी एकाच छत्रीखालून चालल्या होत्या. कधीपासून, कुणाला कळलं नव्हतं. तात्या चार पावलं मागून येत होते. त्यांच्याही मागून प्रमुख धापा टाकत येत होते, कारण त्यांचं रत्न आता कुणाच्या तरी घरची कोंबडी झालं होतं आणि त्यांना दालनात एकटं बसवत नव्हतं.

सात नंबरची बोअर बागेच्या टोकाला होती. पिवळा कोट घातलेली एक मुलगी लोकांना मागे सरकवत होती. तिथे एक उभा पाइप होता. तात्यांनी तो ओळखला. मुलीने पाइपाच्या तोंडावर एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला.

“रोज चार वाजता आम्ही वाफेची ताकद दाखवतो,” ती म्हणाली. “आज कुणी जुने कामगार आलेत का?”

तात्या मागच्या मागे लपणार होते, पण मुलाने त्यांना पुढे ढकललं. चाक नवीन होतं, निळं, पण हाताला तेच. “पाव फिरवा, आजोबा,” मुलगी म्हणाली. “त्याहून जास्त नको.”

तात्यांनी पाव फिरवलं.

आधी जमीन कुरकुरली. मग पाइपाने शिट्टी मारली, आणि डबा गेला. झाडाच्या शेंड्याएवढा गेला, मग शेंडा खाली राहिला, मग डब्याचा ठिपका झाला, आणि ठिपका टेकडीपलीकडे उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाईने वाजवल्या नाहीत. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

“आजोबा, त्या दिवशी चाक किती उघडलं होतं?”

“पूर्ण.”

ती पिवळ्या कोटाकडे वळली. “ताई, टेकडीपलीकडे काय आहे?”

“चिखलाचं तळं. सगळे डबे तिथेच पडतात. दर महिन्याला जाळी घेऊन जातो आणि गोळा करून आणतो.”

वकीलबाईने वही उघडली. दुसऱ्या रकान्यातलं तपेलं खोडलं. मग जीभ बाहेर काढून, पहिल्या रकान्यात, सुंदर अक्षरात तिने एकच शब्द लिहिला: ‘तपेलं.’

तात्यांना वाटलं, आपणही आता झाडाच्या शेंड्यावरून जाणार. “बघा!” ते ओरडले. “सांगत होतो ना!”

माई त्यांच्याकडे न बघता प्रमुखांकडे गेल्या. तपेलं संग्रहालयातच राहू दे, त्यांनी सांगितलं. आता त्यात आंघोळ घालण्याजोगं कुणी घरात उरलं नाही. पण पाटी बदला, आणि ते आधी घासायला द्या. केवढं हिरवं पडलंय!

“तो हिरवा रंग म्हणजे काळाचा ठेवा आहे, बाई!” प्रमुख कळवळले.

“काळाचा ठेवा कसला, छत्तीस वर्षं न घासलेलं भांडं आहे ते. लिंबू आणि मीठ आम्ही घेऊन येऊ.”

“दोघी येऊ,” आत्या म्हणाली.

शेवटी अर्ध्यावर तोडगा निघाला. आजही ते तपेलं तिथे आहे, डावी बाजू हिरवीगार आणि उजवी अशी लखलखीत, की रखवालदार त्यात बघून दाढी करतो. खोटं वाटत असेल तर रखवालदाराची हनुवटी बघून या.

परत निघण्याआधी दोघी बाकावर बसल्या. तात्या जरा लांब उभे राहून ऐकत होते.

“वन्सं, मी आजारी होते तेव्हा तुम्ही निरोप पाठवला होता, की माझ्याशिवाय तुम्हाला करमत नाही. तो मी कधी विसरले नाही.”

“मी?” आत्या दचकली. “मी म्हटलं होतं, औषध वेळेवर घे म्हणावं, नाहीतर दादाचे हाल होतील. पण वहिनी, तूच म्हणाली होतीस ना, की माझ्यासारखा स्वेटर गावात कुणी विणत नाही?”

“मेले तरी असं म्हणणार नाही. त्या स्वेटरची एक बाही गुडघ्यापर्यंत येत होती!”

मग दोघींनी एकदमच मान वळवून तात्यांकडे पाहिलं. तात्या आभाळात डबा शोधू लागले.

पहिल्यांदा आत्याचे खांदे हलायला लागले, मग माईंचे. हसता हसता माईंनी पदराने डोळे पुसले आणि नातीला जवळ बोलावलं.

“वकीलबाई, तुझ्या आजोबांना जाऊन सांग, आम्ही दोघी आजपासून त्यांच्याशी बोलत नाही.”

“किती दिवस?”

“छत्तीस वर्षं,” आत्या म्हणाली. “आणि म्हणावं, गाडीत पुढे बस. मागे आम्हाला बोलायला जागा लागते.”

वकीलबाई धावत निघाली. बाकापासून तात्यांपर्यंत वीसेक पावलं होती. अर्ध्या वाटेवर तिचा वेग कमी झाला. आजोबा चाकाजवळ उभे होते, टोपी हातात, चेहरा शाळेबाहेर काढलेल्या मुलासारखा.

“काय म्हणाल्या गं?” तात्यांनी विचारलं.

वकीलबाईने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. वही पाठीमागे लपवली.

“म्हणाल्या, चाक फार छान फिरवलंत. आणि पुढच्या सीटवर बसा, तिथून बाहेरचं नीट दिसतं.”

तात्यांनी नातीकडे निरखून पाहिलं. वीस पावलांत निरोपाचं काय काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

“पुरावा?” ते म्हणाले.

“नाही,” वकीलबाई म्हणाली, आणि पडलेल्या दोन दातांमधून अशी हसली, की जवळच्या पाइपाने उगाचच शिट्टी मारली.